बायपास झाली, वजन का परतलं?

डोंबिवलीच्या फलाटावर कटिंग आणि अर्धा वडापाव, ठाण्यात उतरल्यावर मूठभर फरसाण. पोट भरत नाही, पण कॅलरी साचतात. गॅस्ट्रिक बायपासनंतर वजन परतण्याची एक वाट हीच.

१९६६ साली अमेरिकेत एडवर्ड मेसन यांनी सुरू केलेल्या या शस्त्रक्रियेत आज जठराची जेमतेम ३० मिलिलिटरची पिशवी ठेवतात. अन्न थेट आतड्याच्या पुढच्या भागात पोचतं, संप्रेरकं बदलतात, भूक मंदावते. वजन साधारण दीड-दोन वर्षं उतरतं. पुढे पिशवीचं तोंड सैलावू शकतं, भूक परतते. शिवाय हलकं झालेलं शरीर ऊर्जाही कमी खर्चतं. म्हणून थोडी वाढ म्हणजे आळस नव्हे. ती झपाट्याने होऊ लागली, तर मात्र लाजून घरी बसू नका; डॉक्टरांना गाठा.