इंदापूरची लढाई आणि सोलापूरचं आंदण

शिवरायांचे आजोबा मालोजीराजे भोसले निजामशाहीकडून आदिलशाहीशी लढताना इंदापूरला पडले. निजामशाही-आदिलशाही वैराचं एक मोठं मूळ चक्क एका लग्नात आहे! 1524 मध्ये आदिलशहाची बहीण बुऱ्हाण निजामशहाला दिली. आंदण ठरलेला सोलापूरचा किल्ला आणि साडेपाच परगणे मात्र हाती आलेच नाहीत. लगेच युद्ध पेटलं, आणि त्याच किल्ल्यासाठी पुढच्या पिढ्याही भिडत राहिल्या. भीमा-नीरेच्या बेचक्यातला इंदापूर, बारामतीतलं सुपे हा मुलूख मधल्यामध्ये भरडला गेला. फ्रान्स-जर्मनीतही सीमेवरच्या अल्सास-लॉरेन प्रांताचं असंच झालं, 1871 ते 1918. धर्म एक असूनही शेजारी लढतात, ते बहुधा अशा सीमेवरच्या मुलखासाठीच. इंदापूरला गेलात तर मालोजीराजांची गढी आवर्जून बघा.