मत्स्यपेटी आणि तिची गाळणी

हल्लीं पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांच्या दिवाणखान्यांत गोड्या पाण्याची मत्स्यपेटी दिसूं लागली आहे. मुलांचें कुतूहल, पाहुण्यांचें कौतुक आणि वृद्धांचा विरंगुळा असें तिहेरी प्रयोजन तीत साधतें. म्हणून ही हौस आम्हांस मुळींच निंद्य वाटत नाहीं. परंतु अनेक घरीं एकच कथा घडते. पेटी आणि मासे एकाच दिवशीं आणले जातात, पाणी स्फटिकासारखें दिसतें, आणि कांहीं दिवसांतच एकेक मासा वर येऊन धापा टाकूं लागतो व मरतो. मग कोणी दुकानदारास बोल लावतो, कोणी नशिबास. खरा दोष बहुधा घाईचा असतो. घरीं आश्रयास आणलेल्या मुक्या जीवाचें मरण आपल्या अज्ञानामुळें ओढवूं नये, एवढ्याच हेतूनें पेटींतील गाळणीविषयीं, म्हणजे बाजारांत जिला फिल्टर म्हणतात तिच्याविषयीं, चार शब्द लिहीत आहों.

गाळणी हा शब्द थोडा फसवा आहे. चहाची गाळणी चोथा अडविते, तशी ही पाण्यांतील कचरा अडविते हें खरें. पण तें तिचें गौण कार्य होय. मुख्य कार्य डोळ्यांस दिसत नाहीं. मासे कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकीत असतात. उरलेलें अन्न व विष्ठा कुजूनही तोच उत्पन्न होतो. नदीच्या विपुल पाण्यांत तो विरळ होऊन जातो. पेटींत मात्र मासा आपल्याच उत्सर्गांत कोंडलेला असतो, आणि अमोनियाला रंग नसल्यामुळें घरच्या माणसांस त्याचा पत्ता लागत नाहीं. निर्मळ दिसणारें पाणी निर्विष असतेंच असें नाहीं.

यावर सृष्टीनेंच उपाय योजिला आहे. कांहीं सूक्ष्म जंतू अमोनियावर उपजीविका करून त्याचें नायट्राइट बनवितात; दुसऱ्या जातीचे जंतू नायट्राइटचें नायट्रेट करितात. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट त्या मानानें पुष्कळ सौम्य असतें, व पाणवनस्पती तें खत म्हणून शोषून घेतात. १८५० सालीं रॉबर्ट वॉरिंग्टन यांनीं गोल्डफिश, व्हॅलिस्नेरिया नांवाची पाणवनस्पती व गोगलगाई एकाच पात्रांत ठेवून केलेला प्रयोग लंडनच्या केमिकल सोसायटीपुढें मांडला. प्राणी व वनस्पती एकमेकांस जगवितात हें त्यांनीं दाखविलें; जंतूंचा वाटा मात्र तेव्हां अज्ञात होता. तो १८९० च्या सुमारास सर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञांनीं उघड केला. हे जंतू मोकळ्या पाण्यांत फार थोडे असतात. ते कशास तरी चिकटून वाढतात व त्यांस प्राणवायु भरपूर लागतो. तेव्हां गाळणी म्हणजे या अदृश्य सेवकांचें वसतिगृहच होय.

नवशिक्यानें स्पंजाची साधी गाळणी घ्यावी. ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद व ३० उंच पेटींत कांठोकांठ ५४ लिटर पाणी मावतें. वाळू-खड्यांची जागा वजा जातां सुमारें ४५ लिटर उरतें. तासाभरांत सारें पाणी चार वेळां फिरावें, या हिशेबानें तासाला २०० लिटरांच्या आसपास पाणी फिरविणारी गाळणी पुरे. प्रथम स्पंज साध्या पाण्यानें धुवावा. साबणाचा स्पर्शही नको. मग तो पेटींत बुडवून दाबावा, म्हणजे आंतील हवा निघून तो तळाशीं बसतो. त्याच्या नळीस हवेचा पंप जोडावा. बुडबुडे वर चढतांना पाण्यास आपल्याबरोबर नेतात, आणि त्याची जागा भरण्यास स्पंजांतून नवें पाणी येतें. एवढीच ती युक्ति. पंप पाण्याच्या पातळीहून उंच ठेवावा, नाहीं तर नळींत एकाच दिशेनें वाट देणारी झडप बसवावी. अन्यथा वीज गेल्यावर पाणी उलट वाहून पंपांत शिरतें. विजेच्या तारेस प्लगाच्या खालीं झोळ द्यावा, म्हणजे तीवरून ओघळणारा थेंब प्लगापर्यंत न जातां खालीं पडतो.

यापुढचें काम सर्वांत कठीण, कारण तें वाट पाहण्याचें आहे. नळाच्या पाण्यांतील क्लोरीन मासे व जंतू या दोघांसही घातक. तें सोडियम थायोसल्फेटनें आधीं घालवावें. मग मासे न सोडतां गाळणी अहोरात्र चालूं द्यावी व रोज चिमूटभर खाद्य टाकावें, म्हणजे तें कुजून जंतूंस अमोनिया मिळतो. वसाहत स्थिर होण्यास बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. ओळखीच्या घरच्या जुन्या, निरोगी पेटींतील वापरलेल्या स्पंजाचा ओला तुकडा आणून आपल्या गाळणीजवळ ठेवल्यास हा काळ बराच कमी होतो; दुधास विरजण लावावें तसाच हा प्रकार. पाण्याची परीक्षा करण्याचे थेंब बाजारांत मिळतात. अमोनिया चढून उतरतो, मागोमाग नायट्राइट चढून उतरतें. दोन्ही शून्यावर येऊन नायट्रेट दिसूं लागलें कीं दोन-तीन लहान मासे सोडावे, एकदम डझनभर नव्हे. आम्हीं जन्मभर मुलांस शिकविलें. धीराचा इतका प्रत्यक्ष धडा पुस्तकांतून देतां आला नसता. रोजचे आंकडे मुलांकडूनच वहींत लिहवून घ्यावे.

पुढें धोका येतो तो स्वच्छतेच्या अतिरेकाचा. घर झाडण्याच्या दिवशीं कोणी उत्साहानें स्पंज नळाखालीं खळखळून धुतो, आणि महिनाभराची वसाहत घटकेंत नाहींशी होते. दर आठवड्यास पेटींतील चौथाई पाणी बदलावें, आणि स्पंज मळला असेल तर त्या काढलेल्या पाण्यांतच हलक्या हातानें पिळावा. रात्रीं आवाज होतो म्हणून पंप बंद करूं नये. प्राणवायु तुटला तर जंतू कांहीं तासांतच मरूं लागतात. जेथें वीज वारंवार जाते तेथें बॅटरीवरचा लहान पंप जवळ असावा.

दारीं आलेल्या अतिथीस आंत घेण्यापूर्वीं आपण पाय धुण्यास पाणी पुढें करितों. ज्यास आपणच बोलावून आणलें, व ज्यास दार उघडून परत जातां येत नाहीं, त्या माशासाठीं पाण्याची सिद्धता आधीं करावी, हें गृहस्थास जड वाटूं नये.