संगमापुढचा संगम

पावसाळ्यांत नरसोबाच्या वाडीस नदीचें पाणी चढत चढत देवळांत शिरतें आणि पादुकांवरून वाहून दक्षिणद्वारानें बाहेर पडतें, तेव्हां त्या स्नानासाठीं कोल्हापुराहून घरेंच्या घरें लोटतात. आमच्या पंचगंगेची यात्रा तेथें कृष्णेंत संपली, असें आपण मानतों. वास्तविक तेथें संपतें तें तिचें नांव. पाणी पुढें कर्नाटक, तेलंगण व आंध्र ओलांडून हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागरास मिळतें. वाडीस दोन्ही प्रवाह लवकरच एकजीव होतात. समुद्राशीं मात्र हा मिलाफ इतका सहज होत नाहीं.

समुद्राच्या एका लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. एक घनमीटर गोडें पाणी सुमारें १,००० किलो भरतें, तर तेवढेंच खारें १,०२५. हा फरक शेंकडा अडीचच. तरी तेवढ्यानें गोडें पाणी खाऱ्यावर दुधावरील सायीसारखें पसरून राहतें.

याचा प्रत्यय घरींही घेतां येतो. कांचेच्या भांड्यांत अर्धें भरेल इतकें मिठाचें पाणी घेऊन त्यांत शाईचे दोन थेंब टाकावे, आणि चमच्याच्या पाठीवरून त्यावर साधें पाणी अगदीं हळू सोडावें. मग भांडें किंचित् कलवून सरळ करावें. वरचा पृष्ठभाग लागलीच शांत होतो, पण दोन थरांमधील सीमेवर मोठ्या, संथ लाटा हेलकावत राहतात. वजनांतील फरक अल्प असल्यामुळें उचललेल्या पाण्यास खालीं ओढणारा जोरही अल्पच असतो. ह्याच आंतरलाटा.

१८९३ सालीं ध्रुवप्रवासी नान्सेन यांचें 'फ्राम' जहाज सैबेरियाच्या उत्तरेस एकाएकीं मंदावलें. समुद्र तर शांत होता! एक्मन यांनीं १९०४ मध्यें उलगडा केला कीं, बर्फाच्या वितळलेल्या पाण्याचा थर खाऱ्या पाण्यावर पसरला होता, आणि जहाजाची शक्ति त्याखालीं अदृश्य लाटा उठविण्यांतच खर्च होत होती.

वरचा थर खालच्यावरून वेगानें धांवूं लागला म्हणजे ह्या लाटा दुमडून फुटतात, भोंवरे उठतात आणि क्षार वर चढतात. ही घुसळण झाल्यावांचून खरा संगम होत नाहीं. बंगालच्या उपसागरांत गंगा, ब्रह्मपुत्रा, गोदावरी, कृष्णा अशा नद्यांचें व पावसाचें इतकें पाणी सांचतें कीं, ती घुसळण खोलवर पोंचत नाहीं. एरवीं वादळाचा वारा खालचें थंड पाणी वर आणतो व आपलाच जोर कमी करून घेतो. हा गोडा थर तें थंड पाणी वर येऊं देत नाहीं. १९ नोव्हेंबर १९७७ रोजीं कृष्णेच्या मुखाजवळील दिवी भागावर आलेल्या चक्रीवादळानें हजारों माणसें घेतलीं. तो दोष एकट्या या थराचा नव्हे, कृष्णेचा तर नव्हेच. परंतु वादळाची शक्ति आधीं ओळखावयाची तर पाण्याखालची ही घुसळण मोजलीच पाहिजे.

"समुद्रास मिळालें तें पाणी वायां गेलें" असें आपण सहज बोलतों. उलट गोडें पाणी कमी आलें कीं, खारें पाणी नदीमुखांतून आंत सरतें आणि तेथील शेतीस भोंवतें. वाडीच्या घाटावर ओंजळ सोडतांना मुलांनीं विचारलें कीं, हें पाणी कोठें जातें, तर उत्तर वाडीशीं थांबवूं नये, एवढेंच आमचें सांगणें आहे.