गणेशखिंडीचे 'गव्हर्न्मेंट हाऊस' : व्हिक्टोरियन निवासवास्तूच्या रचनेचे एक वाचन

प्रस्तावना

१८५३ मध्ये ठाण्यापर्यंत व १८५४ मध्ये कल्याणपर्यंत आलेला लोहमार्ग १८६३ मध्ये बोरघाट चढून गेला आणि मुंबई-पुणे सलग जोडले गेले. मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरांनी पावसाळा पुण्यात घालविण्याची प्रथा त्यापूर्वीचीच; त्यासाठी दापोडीला बंगलाही होता. प्रवास सुकर होताच गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी गणेशखिंडीत नवे निवासस्थान उभारावयास घेतले. प्रस्तुत लेखात या वास्तूच्या आधारे व्हिक्टोरियन गृहरचनेमागील विचाराची मांडणी केली आहे.

वास्तूची जडणघडण

जेम्स ट्रबशॉ या वास्तुविशारदाने आखलेले हे बांधकाम १८६४ ते १८७१ या काळात झाले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढून मुंबईत पैसा खेळत होता. १८६५ मध्ये ती तेजी कोसळली, तरी काम चालूच राहिले. या खर्चावर ब्रिटिश पार्लमेंटमध्येही टीका झाली. दगड स्थानिक काळा बेसाल्ट, शैली मात्र इटालियन वळणाची : कमानींच्या ओळी आणि उंच चौकोनी मनोरा. व्हिक्टोरिया राणीच्या ऑसबर्न हाऊसची (१८४५-५१) छाया तिच्यात असल्याचे मानले जाते. पुढे १८९०-९१ मध्ये त्याच ऑसबर्नमध्ये भाई रामसिंग या पंजाबी कारागिराने दरबार दालन सजविले. प्रभाव एकाच दिशेने वाहत नव्हता, याचे हे बोलके उदाहरण होय.

अंतर्रचनेचे तत्त्व

१८६४ मध्येच रॉबर्ट कर यांचा 'द जंटलमन्स हाऊस' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. उच्चवर्गीय घराचा पहिला निकष त्यांनी खासगीपणा हा मानला. कुटुंब आणि नोकरवर्ग यांनी एकमेकांच्या दृष्टीस पडू नये वा कानी येऊ नये, अशी आखणी त्यांना अभिप्रेत होती. त्यामुळे प्रत्येक क्रियेस स्वतंत्र दालन, दालनांना जोडणारे बोळ आणि नोकरांसाठी मागील जिना, ही या घरांची लक्षणे ठरली.

भारतात हे तत्त्व हवामानाशी जुळवून घेत आले. उंच छत, झरोके व रुंद व्हरांडा यांनी उष्मा सुसह्य केला. स्वयंपाकघर मुख्य इमारतीबाहेर गेले. छताला टांगलेल्या पंख्याची दोरी अनेकदा भिंतीच्या छिद्रातून व्हरांड्यात नेली जाई. वारा आत येई, ओढणारा माणूस बाहेर राही.

मराठी वाड्यातही भेद होतेच. ओसरीवर कोणी बसावे, माजघरात कोणी जावे, हे जात व लिंग यांनी ठरलेले असे. परंतु चौकाभोवती घरातील बराच व्यवहार परस्परांच्या नजरेसमोर चाले. व्हिक्टोरियन घराने मात्र श्रम करणाऱ्यास दृष्टीआड करण्याचीच सोय भिंतींत करून ठेवली. वाडा भेद पाळी. हे घर तो लपवी.

हे अंतर राजकीयही होते. १८१७ मध्ये पेशव्यांच्या फौजेचा पराभव झाला तो याच परिसरात. २२ जून १८९७ रोजी येथील हीरकमहोत्सवी समारंभाहून परतताना रँड यांच्यावर चापेकर बंधूंनी गोळी झाडली, तीही याच वाटेवर. प्लेगच्या काळात रँडच्या अधिकारात पुण्यातील घरोघरी झडती घेतली गेली होती. ज्या राजवटीने खासगीपणा हे घराचे पहिले मूल्य मानले, तिने तो प्रजेच्या घरास नाकारला, ही विसंगती येथे प्रकर्षाने जाणवते.

निष्कर्ष

१९४९ मध्ये पुणे विद्यापीठाची स्थापना झाली आणि हीच वास्तू त्याची मुख्य इमारत बनली. जेथे निमंत्रणावाचून प्रवेश नव्हता, तेथे सामान्य घरांतील विद्यार्थी वावरू लागले. भिंती त्याच राहिल्या, अंतराचा अर्थ बदलला. मोठ्या वास्तूंना असे पुनर्जीवन लाभते; ठाणे, कल्याण व डोंबिवलीतील वाडे आणि बैठे बंगले मात्र पुनर्विकासात नाहीसे होत आहेत. त्यांच्या दर्शनी भागाची छायाचित्रे काही प्रमाणात उरतील. परंतु घरात कोण कोठे बसे आणि कोणत्या दाराने येई, हे केवळ आराखडाच सांगू शकतो. आपल्या महाविद्यालयांतील इतिहास, समाजशास्त्र व भूगोल या विभागांनी विद्यार्थ्यांकरवी अशा घरांची मोजमापे व आराखडे, तसेच तेथे राहिलेल्यांच्या आठवणी वेळीच नोंदवून ठेवाव्यात, असे येथे सुचवावेसे वाटते.