परदेशीं शिक्षणास निघण्यापूर्वीं



परीक्षांचे निकाल लागले कीं पालक विचारूं लागतात, ‘मुलाला परदेशीं शिकावयास पाठवावयाचें आहे, कोणता देश चांगला?’ लगेच दुसरा प्रश्न येतो, ‘पहिल्या वर्षास किती पैसे लागतील?’ हे दोन्ही प्रश्न स्वाभाविक आहेत. परंतु सारा जन्म मुलांना गणित शिकविण्यांत गेल्यामुळें मला एक संवय जडली आहे. उदाहरण मोठें असलें म्हणजे मी तें उत्तराच्या बाजूनें तपासून पाहतों. परदेशीं शिक्षणाचें उदाहरणहि त्याच बाजूनें मांडावें असें माझें मत आहे. पहिलें वर्ष कसें पार पडेल हें कोणीहि सांगेल. शेवटचें सत्र कोणाच्या पैशावर पार पडणार, हें आधीं विचारावें.

मोठ्या बुद्धिमत्तेच्या पुरुषासहि या प्रश्नानें गांठलें होतें. १९१३ सालीं बडोदें संस्थानची शिष्यवृत्ति घेऊन भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत गेले. १९१५ मध्यें ते तेथें एम्. ए. झाले आणि १९१६ मध्यें लंडनच्या अर्थशास्त्रविद्यालयांत दाखल झाले. तेथील अभ्यास अर्ध्यावर असतांनाच शिष्यवृत्तीची मुदत संपली व १९१७ सालीं त्यांस परत यावें लागलें. बुद्धि, श्रम, चिकाटी, कशाचीहि वाण नव्हती. मुदत तेवढी अपुरी पडली. परंतु निघण्यापूर्वीं त्यांनीं एक गोष्ट केली. चार वर्षांच्या आंत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनीं विद्यापीठाकडून मिळवून ठेविली. पुढें मुंबईच्या सिडनेहॅम कॉलेजांत प्राध्यापकी करून त्यांनीं पैसे सांठविले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांचें साहाय्य व नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले पांच हजार रुपये यांची त्यांत भर पडली. १९२० सालीं ते पुन्हां लंडनास गेले आणि १९२३ सालीं डी. एस्‌सी. झाले. ती परवानगी हातीं नसती, तर १९२० सालीं कदाचित् पहिल्यापासून आरंभ करावा लागला असता.

त्याच काळांत, १९२२ सालीं, त्यांनीं जर्मनींतील बॉन विद्यापीठांतहि नांव घातलें होतें. हल्लीं आपल्याकडील पुष्कळ मुलांचा ओढा त्याच देशाकडे आहे, म्हणून नमुना म्हणून आपण जर्मनीच घेऊं. अमेरिकेंतील वा इंग्लंडांतील फीचे आंकडे ऐकून जें कुटुंब मागें सरतें, त्याला कोणीतरी सांगतो कीं जर्मनींत शिक्षण फुकट आहे. हा ‘फुकट’ शब्द पुष्कळांस महागांत पडतो.

खरें काय तें असें. जर्मनींतील बहुतेक सरकारी विद्यापीठें शिकविण्याची फी घेत नाहींत. दर सत्रास एक लहानशी वर्गणी घेतात. परंतु याला अपवाद आहेत. बाडेन-व्युर्टेंबेर्ग प्रांतानें २०१७ सालच्या हिंवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांस सत्रास १,५०० युरो फी बसविली; म्युनिकच्या तंत्रविद्यापीठानेंहि २०२४ पासून अशा नव्या विद्यार्थ्यांस फी लावली आहे. शिवाय भारी फी घेणारीं खाजगी कॉलेजें तेथेंहि आहेत, आणि प्रवेश मिळवून देणारे मध्यस्थ कधीं कधीं त्यांचीच भलावण अधिक करतात. संस्था कोणत्या जातीची आहे हें मध्यस्थाच्या तोंडून न ऐकतां जर्मन कुलगुरुपरिषदेच्या यादींत स्वतः पाहावें. ती यादी संगणकावर कोणासहि पाहतां येते.

आतां निर्वाहाचा पैसा. व्हिसा मिळण्यापूर्वीं एका वर्षाच्या निर्वाहाची सोय दाखवावी लागते, व ती बहुधा रोखून ठेवलेल्या खात्याच्या रूपानें दाखविली जाते. रक्कम सगळी आधींच भरावयाची, परंतु तींतून दरमहा ठराविक भागच काढतां येतो. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम वर्षास ११,९०४ युरो, म्हणजे महिन्यास ९९२ युरो ठरली. हा आंकडा अधूनमधून वाढतो. अर्ज करतेवेळीं नवा पाहून घ्यावा. खोलीचें भाडें, जेवण व आजारपणाचा विमा हें सर्व त्यांतच भागवावयाचें असतें. म्युनिकसारख्या नगरांत तेवढ्यांत भागणें कठिण. पूर्वेकडील लहान गांवीं भागतें.

येथेंच बहुतेकांचें टांचण संपतें. बाप म्हणतो, ‘बारा लाखांची सोय झाली, पुढचें तो तिकडे काम करून पाहील.’ पण पदव्युत्तर अभ्यासक्रम चार सत्रांचा असला, तरी प्रबंध लांबल्यामुळें किंवा एखादा विषय मागें राहिल्यामुळें कित्येकांस पांचवें सत्र लागतें. तेव्हां अडीच वर्षांचा हिशेब मांडावा. महिन्यास ९९२ प्रमाणें तीस महिन्यांचे २९,७६० युरो होतात. सोपें पडावें म्हणून एक युरो म्हणजे शंभर रुपये धरूं. तर ही रक्कम एकोणतीस लाख शहात्तर हजार झाली. मध्यंतरीं युरो नुसता पांच रुपयांनीं चढला, तरी त्याच रकमेस एक लाख अठ्ठेचाळीस हजार आठशें रुपये जास्त पडतात. शिवाय राहण्याच्या परवान्याची मुदत वाढवून घेतांना निर्वाहाची सोय पुन्हां दाखवावी लागते. सोय नाहीं म्हणून परवाना अडला, तर हुशार मुलाचाहि अभ्यास अडतो.

‘काम करून पाहील’ हेंहि तपासून पाहूं. १ मार्च २०२४ पासून परदेशी विद्यार्थ्यास वर्षांत १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करण्याची मुभा आहे. ही मुभा चांगली, परंतु ती परीक्षेच्या आड येते, आणि तेथील परीक्षेचा एक नियम आपल्याकडे फार थोड्यांस ठाऊक असतो. आपल्याकडे राहिलेला विषय विद्यार्थी बरेच वेळां देऊं शकतो. जर्मनींत एका विषयास बसण्याच्या संधि मोजक्या असतात. पुष्कळ ठिकाणीं त्या तीन असतात, कोठें दोनहि असतात. शेवटची संधि गेली म्हणजे विद्यापीठांतून नांव कमी होतें, आणि तोच अभ्यासक्रम त्या देशांत दुसऱ्या विद्यापीठांतहि सामान्यतः पुरा करतां येत नाहीं. रात्रीं गोदामांत पेट्या उचलून सकाळीं परीक्षेस बसणाऱ्या मुलाच्या डोक्यावर काय टांगलेलें असतें, हें त्याच्या घरच्यांस समजावें म्हणून मीं हें मुद्दाम सांगितलें. माझ्या मतें पहिल्या सत्रांत मुलानें कामास हात लावूं नये, व तेवढी तरतूद घरानें आधींच करावी. ती होत नसेल, तर एक वर्ष थांबावें, येथें नोकरी करावी, पैसे सांठवावे. थांबण्यांत कमीपणा नाहीं.

कर्ज काढणारांनीं आणखी एक हिशेब करावा. शिक्षण चालूं असेपर्यंत हप्ता नाहीं, म्हणजे व्याज नाहीं, अशी पुष्कळांची समजूत असते. हप्ता थांबतो, व्याज चालूं राहतें. समजा, वीस लाख रुपये अकरा टक्क्यांनीं एकदम उचलले. सरळ व्याज धरलें तरी वर्षाचे दोन लाख वीस हजार, आणि अडीच वर्षांत साडेपांच लाख होतात. ज्या घरांत मुलगा लहानाचा मोठा झाला तें घर तारण ठेवावयाचें असेल, तर हा आंकडा आईसहि समजावून सांगावा, आणि मगच कागदावर सही करावी.

मदतीचीं दारें मात्र आहेत. अनुसूचित जातींतील व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीं महाराष्ट्र सरकारची राजर्षि शाहू महाराजांच्या नांवाची परदेश-शिष्यवृत्ति आहे. जमशेटजी टाटांनीं १८९२ सालीं स्थापन केलेला निधि अजूनहि विद्यार्थ्यांस रक्कम देतो, परंतु ती कर्जाऊ असते हें विसरूं नये. जर्मनीची स्वतःची विद्यार्थि-विनिमय संस्था, जिला ‘डाड’ म्हणतात, तीहि शिष्यवृत्त्या देते. कोणतीहि शिष्यवृत्ति घेतांना पहिला प्रश्न रकमेचा विचारूं नये. ती किती महिने मिळणार, आणि अभ्यास लांबल्यास काय, हें प्रथम विचारावें.

आतां पात्रतेकडे वळूं. बारावी होतांच मुलास तेथील पदवीच्या वर्गांत घेतील असें समजून कित्येक जण निराश होतात. सामान्यतः नुसती बारावी पुरत नाहीं. एकतर येथें पदवीचें पहिलें वर्ष उत्तीर्ण व्हावें, किंवा तेथें वर्षभराच्या पूर्वतयारीच्या शाळेंत बसून तेथील परीक्षा द्यावी, आय. आय. टी. ची ‘जे. ई. ई. ॲडव्हान्स्ड’ परीक्षा उत्तीर्ण झालेल्यास तांत्रिक विषयांपुरती वाट मोकळी असते. शिवाय पदवीचे बहुतेक अभ्यासक्रम जर्मन भाषेंतून चालतात. इंग्रजींतून शिकविणारे अभ्यासक्रम मुख्यतः पदव्युत्तर वर्गांत आढळतात. म्हणून माझी शिफारस अशी कीं, सर्वसाधारण विद्यार्थ्यानें येथील पदवी पुरी करूनच जावें.

गुणांची पद्धति तर आपल्या अगदीं उलट. तेथें १ ही श्रेणी सर्वांत उत्तम, ४ म्हणजे कसाबसा उत्तीर्ण. आपले गुण त्यांच्या श्रेणींत बदलण्याची रीत अशी: कमाल गुणांतून आपले गुण वजा करावे, कमाल गुणांतूनच उत्तीर्ण होण्यास लागणारे किमान गुण वजा करावे, पहिल्या बाकीस दुसरीनें भागावें, आलेल्या भागाकाराची तिप्पट करावी व तींत एक मिळवावा. कमाल १०, किमान ४ आणि आपले ७ असतील, तर ३ भागिले ६ म्हणजे अर्धा, त्याची तिप्पट दीड, आणि एक मिळून अडीच. आतां गंमत पाहा. त्याच ७ गुणांस किमान गुण ४ ऐवजीं ५ धरले, तर उत्तर २.८ येतें. कित्येक अभ्यासक्रम अडीचाच्या पलीकडील अर्ज घेत नाहींत. म्हणजे मुलाचे गुण तेच, अभ्यास तोच. केवळ किमान गुण चुकीचे धरल्यामुळें दार लागूं शकतें. यासाठीं उत्तीर्ण होण्याचे किमान गुण किती, हें आपल्या विद्यापीठाच्या शिक्क्यानिशीं लिहून घ्यावें. हें पत्र मिळावयास कचेरींत किती खेटे घालावे लागतात, तें मीं सांगावयास नको!

वेळाचा हिशेबहि शेवटाकडूनच करावा. हिंवाळी सत्र १ ऑक्टोबरास सुरू होतें. अर्जाची शेवटची तारीख पुष्कळ ठिकाणीं १५ जुलै असते, परंतु परदेशी विद्यार्थ्यांसाठीं असलेल्या कित्येक अभ्यासक्रमांची ती बरीच आधीं येते. जुलैच्या मध्यास अर्ज करून सप्टेंबरांत व्हिसा हातीं येईल असें समजणें धाडसाचें आहे. व्हिसाच्या भेटीस कित्येक आठवडे, कधीं महिनेहि लागतात. त्याच्या आधीं आणखी एक पायरी आहे. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांस आपलीं शैक्षणिक प्रमाणपत्रें दिल्लीच्या ए. पी. एस्. या जर्मन तपासणी-कचेरीकडून तपासून घ्यावीं लागतात, आणि थोडे अपवाद सोडल्यास त्या दाखल्यावांचून व्हिसाचा अर्जच चालत नाहीं. तो दाखला व गुणपत्रकें हातीं यावयास वेळ लागतो, म्हणून ऑक्टोबरांत जाणारानें आदल्या वर्षाच्या दिवाळीपूर्वीं कागद जमवूं लागावें. भाषा त्याच्याहि आधीं सुरू करावी. पुण्यास मॅक्स म्युलर भवनांत आणि रानडे इन्स्टिट्यूटमधील विद्यापीठाच्या विभागांत जर्मन शिकविलें जातें. अभ्यास इंग्रजींतून असला तरी घरमालक, दुकानदार आणि पुढें नोकरी देणारा इंग्रजींतूनच बोलेल याची हमी नाहीं. पदवी मिळाल्यावर नोकरी शोधण्यास अठरा महिने राहतां येतें. ते महिने भाषा शिकण्यांतच घालविले, तर हातीं फारसें उरत नाहीं.

सामानाविषयीं थोडेंसें. १९१७ सालीं आंबेडकर परतले तेव्हां त्यांचे ग्रंथ निराळ्या बोटीनें येत होते, व ती बोट युद्धांत बुडाली. आज तसली भीति नाहीं. परंतु विमान बदलतांना पेट्या मागें राहतातच. मूळ प्रमाणपत्रें, प्रवेशपत्र, विम्याचा कागद व रोखलेल्या खात्याचा दाखला हीं हातांतल्या पिशवींत असावीं, आणि त्यांच्या नकला घरीं ठेवाव्या. लोणच्याची बरणी पेटींत गेली तरी चालेल.

पोंचल्यावर दोन आठवड्यांच्या आंत आपला पत्ता नगरकचेरींत नोंदवावा लागतो व त्यासाठीं घरमालकाचें लेखी पत्र लागतें. म्हणून खोली घेतांनाच तें पत्र मिळेल कीं नाहीं हें विचारावें. तेथील बँकेंत चालूं खातें उघडून तें जोडेपर्यंत रोखलेल्या खात्यांतून एक युरोहि सुटत नाहीं. तेव्हां पहिल्या महिन्याचें भाडें, अनामत व जेवण यांपुरते पैसे निराळे जवळ असूं द्यावे. रविवारीं तेथें बहुतेक दुकानें बंद असतात. शनिवारीं रात्रीं उतरणारानें दीड दिवसाचें खाणें बरोबर ठेवावें.