उपग्रह गाठींवरील शस्त्रक्रिया : त्रिमितीय संस्थितिशास्त्रातील एक विवेचन

प्रस्तावना :
गणितातील 'गाठ' म्हणजे दोन्ही टोके सांधलेली, अवकाशात गुंतलेली बंद दोरी होय. अशा गाठीपासून नवे त्रिमितीय अवकाश घडविण्याची रीत जर्मन गणितज्ञ मॅक्स डेन यांनी १९१० मध्ये मांडली. तीस 'डेन शस्त्रक्रिया' असे संबोधले जाते. पुढे वॉलेस (१९६०) व लिकोरिश (१९६२) यांनी या रीतीची व्याप्ती सिद्ध केली. एक वा अनेक गाठींवर शस्त्रक्रिया करून प्रत्येक बंद, दिशानिर्धार्य त्रिमितीय अवकाश मिळविता येतो. उपग्रह गाठीवर शस्त्रक्रिया केल्यास तिची मूळ रचना टिकते की नाहीशी होते, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शस्त्रक्रियेचे स्वरूप :
गाठीभोवतीचा जाडसर भाग भरीव कड्यासारखा असतो. तो कापून काढून निराळ्या रीतीने पुन्हा बसविणे म्हणजे शस्त्रक्रिया. त्यासाठी पोकळीच्या पृष्ठावर एक बंद वक्र निवडतात. तो गाठीच्या आडव्या दिशेने म वेळा व लांबीच्या दिशेने न वेळा फिरतो. नव्या कड्याच्या आडव्या छेदाची कड या वक्रावर जुळवितात. म/न हा अपूर्णांक शस्त्रक्रियेचा गुणांक होय.

उपग्रह गाठ :
ही संकल्पना शुबर्ट यांनी १९५३ मध्ये विकसित केली. रबरी नळीची गाठ मारून तिची टोके जोडली आणि नळीच्या पोटातून एक बारीक दोरी गुंतवून फिरविली, अशी कल्पना करावी. नळी ही 'सहचर' गाठ आणि आतील दोरी ही 'उपग्रह' गाठ. दोरी नळीच्या आत नियमित पिळाने फिरत असेल, तर तीस 'केबल' गाठ म्हणतात.

एक उदाहरण :
उजव्या वळणाची त्रिदल गाठ सहचर घेऊ. तिच्या लांबीने २ वेळा व आडवी ११ वेळा फिरणाऱ्या केबलचा विचार करू. येथे २ × ११ = २२ ही निर्णायक संख्या ठरते. गॉर्डन यांच्या १९८३ च्या निष्कर्षांनुसार तीन शक्यता संभवतात.

(१) गुणांक २२ असल्यास अवकाश दोन तुकड्यांच्या जोडणीने बनतो. एक तुकडा २ क्रमांकाचा लेन्स अवकाश, तर दुसरा त्रिदल गाठीवरील ११/२ शस्त्रक्रियेचे फलित असतो.

(२) |२२न − म| = १ असल्यास नळीच्या आत पुन्हा भरीव कडेच तयार होते. परिणामी ही शस्त्रक्रिया सहचरावरील म/४न शस्त्रक्रियेशी तुल्य ठरते. उदाहरणार्थ, गुणांक २३ घेतल्यास सहचरावर २३/४ ही शस्त्रक्रिया होते. त्रिदल गाठीसाठी |६न − म| = १ असल्यास लेन्स अवकाश मिळतो, हे मोझर यांनी १९७१ मध्ये दाखविले होते. येथे ६ × ४ = २४ व २४ − २३ = १; म्हणून फलित लेन्स अवकाशच होय. इतक्या गुंतागुंतीच्या गाठीतून इतका साधा अवकाश निघतो. गुणांक २१ घेतल्यास मात्र हा फरक ३ येतो आणि लेन्स अवकाश मिळत नाही.

(३) इतर सर्व गुणांकांसाठी नळीचे पृष्ठ नव्या अवकाशातही अबाधित राहते, म्हणजेच उपग्रह रचनेची खूण टिकते.

व्यापक निष्कर्ष :
केबल नसलेल्या गाठींचे काय? नळीतील दोरीवर शस्त्रक्रिया करून पुन्हा भरीव कडे मिळत असेल, तर ती दोरी अत्यंत मर्यादित प्रकारची वेणीच असावी लागते, असे गबाई यांनी १९८९ मध्ये सिद्ध केले. तसेच उपग्रह गाठीवरील शस्त्रक्रियेतून तुकड्यांत विभागणारा अवकाश मिळाल्यास ती गाठ केबलच असते, हे शार्लमन यांनी १९९० मध्ये दाखविले. सर्व गाठींसाठी असेच विधान करणारे 'केबल अनुमान' मात्र अद्याप अनिर्णित आहे.

समारोप :
सारांश, उपग्रह गाठीची रचना शस्त्रक्रियेत सहसा टिकते. ती नष्ट होण्याचे अपवाद नेमके व मोजता येण्याजोगे आहेत. वरील उदाहरणात तर साधा गुणाकार व वजाबाकी पुरेशी होते. संस्थितिशास्त्र केवळ अमूर्त आहे, हा समज दूर करण्यासाठी पदव्युत्तर वर्गात असे उदाहरण उपयुक्त ठरावे.