अकरा टक्क्यांची वेस
भागधारकाची वही : लेखांक सातवा

सोलापुरात ‘जुनी मिल’ म्हटलं की आणखी ओळख द्यावी लागत नाही. मोरारजी गोकुळदासांनी उभारलेली, 1877 सालची सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी. ऑगस्ट 1949 मध्ये ती बंद पडली आणि हजारोंचा रोजगार गेला. जानेवारी 1950 मध्ये केंद्र सरकारनं या एकट्या मिलसाठी वटहुकूम काढला, पुढे त्याचा कायदाही झाला. कायद्याच्या प्रस्तावनेत गैरव्यवस्थापनाचा उल्लेख होता, त्यामुळे संचालक गेले आणि मॅनेजिंग एजंटांचा करार संपला. पण भागधारकांनी काय केलं होतं? त्यांचंही तोंड बांधलं गेलं. संचालक निवडायचा हक्क गेला, आणि सभेतला ठराव सरकारच्या मंजुरीशिवाय लागू होईना. चिरंजितलाल चौधरी हे भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेले आणि डिसेंबर 1950 मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी हरले. द्वारकादास श्रीनिवास या दुसऱ्या भागधारकानं मात्र डिसेंबर 1953 मध्ये तोच कायदा घटनाबाह्य ठरवून घेतला. कायद्याचे विद्यार्थी हे दोन्ही खटले अजून वाचतात.

आपला आजचा विषय कंपनीच्या साहेबांचा पगार. तो ठरवताना भागधारकाला कुणी विचारतं का? या प्रश्नाचं मूळही गिरण्यांतच आहे.

त्या काळी कंपनी चालवायची मॅनेजिंग एजंटांनी, आणि त्यांना मिळायचं कमिशन. मुंबईच्या गिरण्यांत सुरुवातीला ते उत्पादनावर असे, पौंडाला पाव आणा. म्हणजे माल गोदामात पडून राहो की मिल तोट्यात जावो, सूत निघालं की एजंटाचा पाव आणा वाजला. पुढे कुठे विक्रीवर, कुठे नफ्यावर कमिशन आलं. कंपनी कायद्याच्या 1936 च्या दुरुस्तीनं मेहनताना निव्वळ नफ्याशी बांधला आणि त्यावर जास्तीचं काही द्यायचं तर भागधारकांचा विशेष ठराव लागेल असं घातलं. ब्रिटननं पगारावर भागधारकांचं मत घ्यायचा नियम केला 2002 मध्ये. त्याच्या कितीतरी आधी आपल्याकडे ही कल्पना कायद्यात आली होती, हे आपणच विसरलो.

1956 च्या कायद्यानं सगळ्या वरिष्ठ व्यवस्थापनाला मिळून नफ्याच्या 11 टक्क्यांची वेस घातली. 3 एप्रिल 1970 ला मॅनेजिंग एजन्सी बंद झाली, एजंट गेले. 11 टक्के राहिले. 2013 च्या कायद्याच्या कलम 197 मध्ये तोच आकडा आहे. त्याच्या आत आणखी मर्यादा आहेत: एकाच व्यवस्थापकीय संचालकाला 5 टक्के, असे एकाहून जास्त असतील तर सगळ्यांना मिळून 10. ही आतली मर्यादा ओलांडायची तर विशेष ठराव लागतो. पूर्वी 11 टक्क्यांवर जायला दिल्लीची परवानगीही काढावी लागे. 12 सप्टेंबर 2018 पासून ती गेली, निर्णय सभेवर आला. माझ्या मते ही अलीकडची सर्वांत मोठी सुधारणा, आणि सर्वांत कमी वापरलेली.

विशेष ठराव म्हणजे बाजूची मतं विरोधातल्या मतांच्या किमान तिप्पट हवीत. 2014 मध्ये टाटा मोटर्सला हे जड गेलं. नफा अपुरा होता, त्यामुळे व्यवस्थापकीय संचालक कार्ल स्लिम (ते त्याच जानेवारीत वारले होते) आणि दोन कार्यकारी संचालकांच्या मेहनतान्याचे ठराव मांडावे लागले. निम्म्याहून जास्त मतं बाजूनं पडली, तरी तिन्ही ठराव पडले. 2021 मध्ये आयशर मोटर्सच्या सिद्धार्थ लाल यांच्या फेरनियुक्तीचा ठराव असाच अडला. कंपनीनं पगाराची मर्यादा खाली आणून तो पुन्हा मांडला.

सोलापूरच्याही कंपन्या शेअर बाजारात आहेत: बालाजी अमाइन्स, प्रिसिजन कॅमशाफ्ट्स. अशा घरच्या कंपन्यांत निम्म्याहून जास्त शेअर प्रवर्तकांकडे असतात, आणि स्वतःच्या पगारावर मत द्यायला त्यांना बंदी नाही. सहकारी साखर कारखान्याच्या सभेत दहा गुंठेवाल्याचं आणि शंभर एकरवाल्याचं मत एकच. इथे मात्र जितके शेअर तितकी मतं. मग आपलं काय चालणार? गणित करून पाहा. समजा प्रवर्तकांकडे 55 टक्के शेअर आहेत आणि ते सगळे बाजूनं पडले. बाहेरच्या 45 पैकी 19 टक्क्यांनी विरोध केला आणि उरलेले घरी बसले, तरी ठराव पडतो. प्रवर्तक 65 वर असतील तर 22 लागतात. 75 वर असतील तर बाहेरच्या झाडून सगळ्यांनी विरोध केला तरी ठराव पास, कारण 75 ही 25 ची नेमकी तिप्पट. प्रवर्तक-संचालकांसाठी शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीनं 1 एप्रिल 2019 पासून वेगळी अटही घातली. एकाचा वार्षिक पगार 5 कोटी किंवा नफ्याच्या अडीच टक्के, यातल्या मोठ्या रकमेच्या वर गेला की विशेष ठराव.

ब्रिटनमध्ये दरवर्षी पगाराच्या अहवालावर मत होतं. 2003 मध्ये ग्लॅक्सो या औषध कंपनीच्या भागधारकांनी तो फेटाळला, तेव्हा मत नुसतं सल्ल्यापुरतं होतं. 2013 मध्ये पगाराच्या धोरणावरचं मत बंधनकारक झालं. आपल्याकडे दरवर्षीचं मत नाही. नियुक्ती पाच वर्षांपर्यंतची, मंजुरी तेव्हाच एकदा. मधे मर्यादा ओलांडली तरच पुन्हा विचारणा.

पण वार्षिक अहवालात एक पान दरवर्षी असतं. शेअर बाजारातल्या कंपनीला प्रत्येक संचालकाचा पगार कंपनीतल्या मधल्या कर्मचाऱ्याच्या पगाराच्या किती पट आहे, हे छापावं लागतं. सगळ्यांना पगाराप्रमाणे ओळीत उभं केलं तर जो बरोबर मधोमध येईल, तो मधला. कंत्राटदाराच्या पटावरचा कामगार त्या ओळीत नसतो, हे वाचताना ध्यानात ठेवा.

सभांचा हंगाम ऑगस्ट-सप्टेंबरचा. सूचना किमान 21 दिवस आधी ईमेलवर येते आणि बहुतेक वेळा न उघडलेलीच राहते. ती उघडा, ‘विशेष ठराव’ शोधा, खालचं स्पष्टीकरण वाचा. ई-व्होटिंग किमान तीन दिवस खुलं असतं आणि सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला बंद होतं. बाजूनं द्या नाहीतर विरोधात, पण मत द्या.